हुदहुदचं एक पान आणि झुरिकमधलं जुन्या पक्षीचित्रांचं दुकान

झुरिकच्या जुन्या गावात लिमाट नदीच्या उजव्या काठाने वर चढणाऱ्या गल्ल्या आहेत ना, त्यातल्याच एका गल्लीत जुनी छापील चित्रं विकणारं एक दुकान आहे. दोनच खोल्या, बाहेरच्या खोलीत नकाशे आणि शहरांची चित्रं, आतल्या खोलीत लाकडी कपाटं आणि त्यात पसरट खण. दुकानाचं नाव देत नाही कारण तक्रारीही लिहिणार आहे, आणि खरं सांगायचं तर त्या तक्रारी या धंद्यातल्या बऱ्याच दुकानांना लागू होतील. मी मूळची सातारची, इथे नोकरीनिमित्त सहा वर्षं झाली, पक्षी बघण्याचा नाद शाळेपासूनचा. गेल्या वर्षभरात या दुकानात पाच-सहा वेळा जाऊन तासन्‌तास बसले आणि शेवटी एक पान विकत घेतलं, त्या सगळ्याचा हा रिव्ह्यू. इकडे फिरायला येणारे आपले बरेच लोक घड्याळं आणि चॉकलेट घेऊन जातात, त्यातल्या कुणाला पक्ष्यांची आवड असेल तर त्याला हे उपयोगी पडावं.

पहिली चांगली गोष्ट म्हणजे हात लावू देतात. मालक सत्तरीचे असतील, आत गेलं की बेसिन दाखवतात, हात धुऊन पुसून कोरडे करून या म्हणतात आणि मग खण तुमच्यासमोर ठेवून आपल्या कामाला लागतात. पांढरे हातमोजे वगैरे काही नाही आणि तेच बरोबर आहे, मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पान फाटतं. पक्ष्यांचे चार खण आहेत. पहिल्यात सोळावं शतक, दुसऱ्यात सतरावं, बाकीच्या दोनात अठरावं आणि एकोणिसावं. लोक सहसा थेट शेवटच्या खणाकडे जातात कारण तिथे रंग आहेत, मी मात्र पहिल्या खणात अडकले ती अजून तिथेच आहे.

पहिल्या खणात बहुतेक पानं गेसनरची. कॉनराड गेसनर याच गावचा, शहराचा डॉक्टर होता, १५१६ चा जन्म आणि १५६५ च्या प्लेगमध्ये गेला. प्राण्यांवरच्या त्याच्या प्रचंड लॅटिन ग्रंथाचा तिसरा भाग पक्ष्यांचा, तो १५५५ साली इथेच झुरिकमध्ये फ्रोशाउअरच्या छापखान्यात छापला. त्यात दोनशेहून जास्त पक्षी आहेत. ज्यांना इथलं जुनं चलन आठवतं त्यांना सांगते, १९७० च्या दशकात आलेल्या ५० फ्रँकच्या नोटेवर हाच माणूस होता आणि नोटेच्या मागे मोठं घुबड होतं. मालकांनी तशी एक नोट जपून ठेवलीय, पहिल्या खणाच्या झाकणाला आतून चिकटवलेली.

आता ही चित्रं बघायची कशी ते सांगते, कारण दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. गेसनरची चित्रं लाकडी ठशाची. लाकडावर चित्र काढायचं, रेघा सोडून बाकीचं कोरून टाकायचं, म्हणजे रेघ उंच राहते आणि शाई तिलाच लागते. अक्षरांचे खिळेही तसेच उंच असतात, त्यामुळे चित्र आणि मजकूर एकाच वेळी एकाच छापखान्यात एकाच पानावर छापता येतो. हे ऐकायला साधं वाटतं पण सगळी गंमत यातच आहे. पक्ष्याचं चित्र आणि त्याच्याबद्दलचा मजकूर शेजारी-शेजारी, आणि तोही शेकडो प्रतींमध्ये हुबेहूब सारखा. त्याआधी अ‍ॅरिस्टॉटलने एक नाव दिलंय, रोमन लेखक प्लिनीने दुसरं, शिकारी तिसरंच म्हणतात, आणि प्रत्येक खोऱ्यात नाव बदलतं, तर नेमका पक्षी कुठला हे पत्रातून कसं ठरवणार? छापलेलं चित्र असलं की झुरिकचा डॉक्टर आणि बोलोन्याचा प्रोफेसर एकाच रेघांकडे बघून भांडू शकतात. गेसनरला युरोपभरातून लोक चित्रं पाठवायचे, कातडी पाठवायचे, आणि स्ट्रासबर्गचा लुकास शान नावाचा चित्रकार त्याच्यासाठी पक्षी काढायचा, जो स्वतः पक्षी पकडण्यातही तरबेज होता. तो जाणकारपणा चित्रात दिसतो, पक्षी फांदीवर बसतो तेव्हा वजन कुठे जातं हे त्याला माहीत आहे.

मी घेतलेलं पान हुदहुदचं. ते कसं घेतलं ते जरा सविस्तर सांगते कारण दुकान कसं आहे ते त्यावरून कळेल. पानाच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं गेसनर, झुरिक, १५५५, आणि किंमत अर्थात त्या सालाची. पान बाहेर काढलं तर मजकूर सगळा जर्मन, त्या काळच्या टोकदार गॉथिक अक्षरात. आता १५५५ चा ग्रंथ लॅटिन, सरळ रोमन अक्षरातला. जर्मन भाषांतर आलं १५५७ ला, रुडॉल्फ हॉइसलिनने केलेलं, त्याच छापखान्यातून आणि त्याच ठशांवरून, आणि पुढेही त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. म्हणजे हे पान १५५५ चं असूच शकत नाही. मी ते माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं तर मालकांनी चष्मा बदलला, पान खिडकीपाशी नेलं, उलटंसुलटं केलं, काही न बोलता रबर घेऊन १५५५ खोडलं आणि तिथे १५५७ किंवा नंतर असं लिहिलं आणि किंमत जवळपास एक तृतीयांश कमी केली. मला ते फार आवडलं. पण हेही म्हणते की चाळीस वर्षं हेच काम करणाऱ्या दुकानात हे लेबल चुकीचं असायलाच नको होतं, ज्याला फरक माहीत नाही त्याने पूर्ण पैसे मोजले असते. त्यानंतर मी त्या खणातली सगळी पाकिटं तपासली तर अजून दोन तशीच निघाली. तेव्हा तुम्ही जाल तेव्हा साल वाचू नका, अक्षर बघा.

खिडकीपाशी नेल्यावर पान उजेडासमोर धरलं की कागदात बारीक आडव्या रेघांची जाळी आणि त्यांना छेदणाऱ्या लांब-लांब अंतरावरच्या उभ्या रेघा दिसतात, ज्या चाळणीवर लगदा उचलून कागद केला तिच्या तारांच्या या खुणा. हुदहुदच्या तुऱ्यातली काळी टोकं एवढी दाबून छापलीत की मागच्या बाजूला बोट फिरवलं तर उठाव लागतो. चोचीच्या मधोमध एक केसाएवढी पांढरी चीर आहे, ठशाच्या लाकडाला कुठेतरी तडा गेला असावा, आणि त्या एका चिरेमुळे मला ते लाकूड, तो कोरणारा हात, सगळं समोर आल्यासारखं झालं. रंग नाहीत. नाहीत तेच बरं.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉलवर पान दाखवलं. बाबा म्हणाले, "अगं हा तर सुतार!" म्हटलं बाबा, सुतार वेगळा, हा हुदहुद. "आम्ही सुतारच म्हणायचो," म्हणाले, आणि हे खरंच आहे, आपल्याकडे अजून निम्मे लोक तुरा बघून हुदहुदला सुतार म्हणतात. मग म्हणाले, "वाड्याच्या मागच्या भिंतीत भोक होतं, त्यात घरटं करायचा. काय वास यायचा गं, तिकडून जाववत नसे." मी उडालेच. कारण पानाच्या मागच्या बाजूला, इथल्या एका मैत्रिणीने वाचून दाखवलं तेव्हा, नेमका हाच मजकूर आहे, की हा पक्षी देखणा पण घरटं घाण, आणि अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत की तो विष्ठेचं घरटं बांधतो. घरटं विष्ठेचं नसतं हे आता माहीत आहे, अंड्यांवरच्या मादीच्या आणि पिल्लांच्या शेपटीजवळच्या ग्रंथीतून तो उग्र वासाचा स्राव येतो. पण वास खरा आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या झुरिकच्या कागदावर आणि साताऱ्याच्या वाड्याच्या भिंतीत एकच वास, आणि मधे एक चित्र, ज्याच्यामुळे बाबा आणि मी निदान एकाच पक्ष्याबद्दल बोलतोय हे नक्की झालं.

आणि म्हणूनच माझी सगळ्यात मोठी तक्रार ही की या दुकानात पहिल्या खणातली जवळपास निम्मी चित्रं कापलेली आहेत. म्हणजे पानावरचा मजकूर कापून टाकून फक्त पक्षी ठेवलाय, जाड पांढऱ्या पुठ्ठ्याच्या खिडकीत बसवलाय आणि मागून चिकटपट्टीने बंद केलाय, फ्रेमला तयार. मागची बाजू बघताच येत नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले गिऱ्हाईकाला अक्षरं नको असतात, भिंतीवर पक्षी हवा असतो, आणि बरीचशी त्यांच्याकडे आली तीच तशी कापलेली. असेल. पण मजकुराशिवाय ते चित्र म्हणजे साक्षीदार कोर्टात उभा केलाय आणि त्याची जबानी फाडून टाकलीय. अशी चित्रं स्वस्त आहेत तरी घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन.

पुस्तकं फोडून पानं विकणं बरोबर का हाही प्रश्न आहेच, मी तो विचारला. मालकांचं म्हणणं ते पूर्ण पुस्तक कधीच फोडत नाहीत, बांधणी गेलेली, निम्मी पानं गहाळ झालेली पुस्तकंच घेतात. माझ्या पानाच्या आतल्या कडेला शिवणीची भोकं आहेत आणि वरच्या कोपऱ्यात पाण्याचा मोठा तपकिरी डाग आहे जो पुस्तकात पुढे-मागे पसरलेला असणार, त्यामुळे मी विश्वास ठेवला. तरीही घरी आल्यावर दोन दिवस मला चैन नव्हतं, आणि अजून एक पान घ्यायची इच्छा असूनही घेतलेलं नाही.

त्या खणात एक पान असं आहे जे मला परवडणारं नव्हतं पण दर वेळी बघून येते. वाल्डराप. टकला, मानेवर विस्कटलेली पिसं, लांब वाकडी चोच, आपल्याकडच्या शराटीच्या कुळातला पण युरोपातला. गेसनरने लिहिलंय की हा कड्याकपारीत आणि पडक्या किल्ल्यांत घरटी करतो, याची पिल्लं श्रीमंतांच्या पानात चवीची मानतात, आणि पिल्लं काढणारे प्रत्येक घरट्यात एक पिल्लू सोडतात म्हणजे पुढच्या वर्षी पक्षी परत येतात. पक्ष्याचं पोट फाडून आत काय सापडलं तेही लिहिलंय. पुढे सतराव्या शतकात हा पक्षी मध्य युरोपातून संपला. चित्र तेवढं राहिलं. १७५८ साली लिनियसने, म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने, त्याला शास्त्रीय नाव दिलं ते हुदहुदच्या गटात टाकून, तुऱ्यामुळे आणि वाकड्या चोचीमुळे गल्लत झाली असणार. आणि नंतरच्या पिढ्यांतले अभ्यासक म्हणायला लागले असा पक्षी नव्हताच, गेसनरची काहीतरी गफलत झालीय. १८९७ साली उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या टकल्या शराटीशी ताडून बघितल्यावर कळलं की गेसनर बरोबर होता, हा तोच. विचार करा, पक्षी गेला, लोकांची आठवण गेली, आणि एका लाकडी ठशाने अडीचशे वर्षं साक्ष धरून ठेवली.

पण चित्र छापलं म्हणजे खरं असंही नाही, आणि खणात त्याचेही नमुने आहेत म्हणून मला हे दुकान आवडतं. गेसनरच्याच ग्रंथात स्वर्गीय पक्षी आहे, पायांशिवाय. १५२२ साली मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं एकच जहाज स्पेनला परतलं त्याच्यासोबत या पक्ष्यांची कातडी आली, तिकडचे लोक पाय कापूनच कातडी सुकवायचे, आणि युरोपात कथा तयार झाली की हा पक्षी जमिनीवर उतरतच नाही, आयुष्यभर हवेत असतो. १६०५ साली क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने छापून सांगितलं की पाय असतात, कापलेले असतात. तरी लिनियसने नाव ठेवलं ते बिनपायाचा अशा अर्थाचंच. हा क्लुसियस आपल्याला अगदीच परका नाही बरं का. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज डॉक्टरचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं, त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ ला करून ते युरोपभर पोचवणारा हाच माणूस, आणि डोडोचं चित्रही त्याने त्याच १६०५ च्या ग्रंथात छापलंय.

दुसऱ्या खणाबद्दल थोडक्यात. इथे तांब्याच्या पत्र्यावरची चित्रं सुरू होतात, रेघ उंच नसते, खोल कोरलेली असते, शाई खाचेत भरतात आणि ओला कागद रुळाखाली जोरात दाबतात, म्हणून चित्राच्या चारी बाजूंनी पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन उमटतो, तो बोटाला लागला पाहिजे, नाही लागला तर संशय घ्या. यात बारकावे खूप येतात पण मजकुराचा छापखाना वेगळा आणि चित्राचा दाब वेगळा, त्यामुळे खर्च वाढतो आणि बरेचदा चित्रांची पानं शेवटी एकत्र जातात. विलबी आणि रे या इंग्रज निसर्ग-अभ्यासकांच्या पक्षीग्रंथाची, १६७६ लॅटिन आणि १६७८ इंग्रजी, चार-पाच पानं इथे होती. विलबी १६७२ ला ३६ व्या वर्षीच वारला, मित्र जॉन रेने काम पूर्ण केलं आणि चित्रांचा खर्च विलबीच्या विधवेने, एमाने केला. रेने प्रस्तावनेत सांगितलंय की कथा, बोधचिन्हं, नीतिपाठ हे सगळं वगळलंय. चोच कशी आणि पाय कसे यावरून गट पाडलेत. गेसनरकडे पक्षी लॅटिन नावाच्या अक्षराप्रमाणे होते, इथे पहिल्यांदा शरीर बघून रांग लागते. पण खरं सांगू का, एकेका पानावर सहा-सहा पक्षी दाटीवाटीने उभे, डोळे बटणासारखे, शास्त्र पुढे गेलं तरी पक्षी जिवंत वाटत नाहीत.

अठराव्या शतकाच्या खणात रंग आहेत आणि इथेच सगळ्यात सावध राहायचं. तेव्हा रंगीत छपाई अशी नव्हती, एकेक प्रत हाताने रंगवायचे. आणि आजही लोक जुन्या काळ्या चित्रांना नवे रंग देऊन विकतात. तपासायचं कसं, तर हिरवा रंग बघा. जुना हिरवा तांब्याच्या गंजाचा, तो काळाबरोबर कागद खातो, म्हणून पान उलटं केलं की पोपटाच्या पंखाच्या मागे बरोबर तपकिरी सावली दिसते. मागची बाजू पांढरीफटक आणि पुढे टवटवीत हिरवा, तर रंग बहुधा नंतरचा. दुकानात विचारलं तर मालक खरं सांगतात, पण विचारावं लागतं, पाकिटावर लिहीत नाहीत. हे लिहिलं पाहिजे.

याच खणात मला घरची माणसं भेटल्यासारखं झालं. सोनेरा या फ्रेंच प्रवाशाच्या १७८२ च्या भारतप्रवासाच्या पुस्तकातला रानकोंबडा, मानेवर ठिपक्यांची पिसं, म्हणजे आपला सह्याद्रीतला राखी रानकोंबडा, ज्याच्या शास्त्रीय नावात अजून सोनेराचं नाव आहे. कास पठारावर पहाटे जो ओरडतो तोच. आता याच सोनेराने आधीच्या पुस्तकात न्यू गिनीचे म्हणून पेंग्विन छापलेत, तिथे पेंग्विन नाहीतच आणि तो स्वतः तिथे गेलाही नव्हता. म्हणजे एकाच माणसाचं एक चित्र सोनं आणि दुसरं थाप. आणि दयाळ! मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या एडवर्ड बल्कली नावाच्या सर्जनने पाठवलेल्या पक्ष्यांवरून १७१३ साली रेच्या पुस्तकात मद्रासच्या पक्ष्यांची यादी चित्रांसकट छापली गेली, त्यात दयाळ आहे. पुढे इंग्रजीत त्याला डायल बर्ड म्हणायला लागले तर काही विद्वानांनी डायल म्हणजे सूर्यघड्याळ असं समजून त्याचं नातं सूर्याशी जोडलं. आपल्या कुठल्याही पोराने सांगितलं असतं की दयाळ म्हणजे दयाळ.

किमती. कापलेलं बारीक चित्र साठ-सत्तर फ्रँकपासून, अख्खं गेसनरचं पान दीडशेच्या पुढे, लोकप्रिय पक्षी असेल तर त्याच्या कितीतरी पट. घुबड, मोर, गरुड महाग. चिमण्या, टिटव्या, हुदहुद त्या मानाने बरे. घासाघीस होत नाही पण चूक दाखवली तर ऐकतात हे वर सांगितलंच. पावती देतात, त्यावर आवृत्ती लिहून मागा, माझ्या पावतीवर आधी नुसतं "पक्षीचित्र, जुनं" लिहिलं होतं, दुसरी लिहून घेतली. पॅकिंग अगदी व्यवस्थित, आम्ल नसलेला कागद, दोन जाड पुठ्ठे, विमानाने आणायला काही त्रास नाही.

पैसे घालायचे नसतील किंवा पुस्तकं फोडण्याला हातभार नको असेल तर गेसनरचा अख्खा ग्रंथ ई-रारा या स्विस साइटवर पानन्‌पान स्कॅन केलेला फुकट आहे, आणि विलबी, तसंच अठराव्या शतकातले पक्षीचित्रकार एडवर्ड्‌स आणि कॅट्‌सबी हे बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मिळतील. दुकानात जाण्याआधी दोन संध्याकाळी तिथे घालवाच, माझं १५५५ चं लेबल मी त्या जोरावरच पकडलं.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापलेल्या पानांचे आणि लेबलांचे गेले. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी दुपारी जा, आतल्या खोलीतली खिडकी पश्चिमेला आहे आणि तीननंतर उजेड सरळ टेबलावर येतो, पान धरून बघायला तीच वेळ चांगली. मी स्वतः पुढच्या महिन्यात वाल्डरापच्या स्कॅनचा प्रिंट घेऊन बोडेनझे तलावाच्या काठी जर्मनीतल्या यूबरलिंगेनला जाणार आहे, तिथे माणसांनी वाढवलेल्या पिल्लांना छोट्या विमानामागून दक्षिणेचा रस्ता शिकवून हा पक्षी पुन्हा वसवलाय. मानेवरची पिसं त्या चित्रात आहेत तशीच विस्कटतात का ते मला समोरासमोर बघायचंय.